उत्तरेच्या भिंतीवरची दाढी

१

राजा नाहीसा झाला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर उणे एक्केचाळीस होतं आणि उस्त-कारगाच्या लाकडी किल्ल्यात आम्ही मोजून पाच माणसं होतो.

राजा म्हणजे बुद्धिबळातला. अंगठ्याएवढा, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला, नाक थोडं झिजलेलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी नदीच्या या वळणावर पहिला किल्ला उभा राहिला, तेव्हा हिवाळा सरता सरेना म्हणून कुणा शिपायाने बसल्या बसल्या कोरला असणार. तो किल्ला केव्हाच जळून गेला. आज उभा आहे तो आमचा सुतार लुका साव्विच याने अकरा वर्षं राबून नव्याने बांधलेला. पाया खणताना राजा मातीतून वर आला. आमच्या संग्रहालयात अस्सल जुनी अशी ती एकच वस्तू, आणि लुका साव्विच म्हणतो त्याप्रमाणे दुसरी मी.

माझं नाव पेलागेया कुझ्मिनिच्ना, पण सगळं गाव मला पाशा मावशी म्हणतं. मी तिकिटं फाडते, पाहुण्यांना किल्ला दाखवते आणि काचा पुसते. त्या सकाळी नऊ वाजता मी कचेरीच्या खोलीतली राजाची काचेची पेटी पुसली. राजा आत होता. माझ्याकडे नेहमीसारखा रागाने बघत होता.

अकरा वाजता परत गेले तर लुका साव्विच दाराजवळच्या मोडक्या बाकाखाली आडवा पडून ठोकाठोक करत होता. राजाची पेटी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. मी तिथवर गेले आणि बघते तर पेटी रिकामी.

"लुका साव्विच, राजा कुठाय?"

"कुठे जाणार? पेटीत," डोकं वर न करता तो म्हणाला.

पेटीचं झाकण बाजूला ठेवलेलं. ते चार लाकडी खुंट्यांवर बसतं, कारण लुका साव्विच किल्ल्यात लोखंडाचा खिळा येऊ देत नाही. चारही खुंट्या काढून टेबलावर ओळीने मांडलेल्या होत्या आणि शेजारी एक पटाशी. पटाशीच्या मुठीवर अक्षरं कोरलेली होती: लु. सा.

मी अशी ओरडले की बुरुजावरचे कावळे उडाले.

सगळ्यांत आधी धावत आल्या आमच्या संचालिका, रिम्मा व्हिक्तोरोव्ना. प्रांताच्या राजधानीतून वर्षापूर्वी आलेल्या, चाळिशीच्या, नेहमी नीटनेटक्या. पेटी बघून त्यांनी गालांवर हात ठेवले.

"अशक्य! साडेदहाला मी स्वतः पाहिलाय. न्यायच्या डब्यासाठी माप घ्यायला आले होते. माप घेतलं आणि गेले. तेव्हा होता!"

दारात उस्तिन्या उभी होती, आमची शेगडीवाली, हातात कुऱ्हाड तशीच. ती सकाळपासून दारासमोर लाकडं फोडत होती.

"साडेदहानंतर?" ती म्हणाली. "अहो बाई, साडेदहानंतर तर आत लुका साव्विचशिवाय कुणीच गेलं नाही."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. रिम्मा व्हिक्तोरोव्नांनी वळून पाहिलं. लुका साव्विच बाकाखालून बाहेर येत होता. त्याला तिथे बघून त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, त्यांना आता भोवळ येणार.

२

इथे आदल्या दिवशीचं सांगायलाच हवं. राजा कायमचा राजधानीत पाठवा असा वरून हुकूम आला होता. खात्याचे साहेब, झाबेलिन, आज तीन वाजता गाडी घेऊन येणार होते. हुकूम वाचून दाखवला तेव्हा लुका साव्विच सगळ्यांसमोर गरजला होता, "राजा या भिंतींच्या आत सापडला, भिंतींच्या आतच राहील! बघतो कोण नेतो ते!"

आता झाबेलिन साहेब फोनवर एवढंच म्हणाले: गावच्या पोलिसाला बोलवा. तीनपर्यंत राजा मिळाला नाही तर सुताराकडून किल्ल्याच्या चाव्या काढून घ्या आणि त्याला पुन्हा आत पाऊल टाकू देऊ नका.

एकाहत्तर वर्षांचा माणूस. बायको नाही, मूल नाही. या किल्ल्याचा एकेक ओंडका त्याने स्वतः जंगलात जाऊन थोपटून, कान लावून निवडलेला. त्याला इथून काढणं म्हणजे काय, ते मला विचारा.

गावचा पोलीस म्हणजे रशीत गालिमिच. तातार माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, पोट सुटलेला आणि चालणं असं की वाटेत झोप लागेल. आल्या आल्या त्याने दुधाचा चहा मागितला. उस्तिन्याने कचेरीतल्या समोवारातून भरून दिला. तो समोवार सकाळपासून खदखदत होता, खोलीभर वाफ.

झडती झाली. सगळ्यांची, माझीसुद्धा. रिम्मा व्हिक्तोरोव्नांनी तर सगळ्यांत आधी स्वतःचे खिसे उलटे केले. राख चाळून पाहिली, बाकाचे पाय पोकळ आहेत का ते पाहिलं. राजा नाही. फाटक सकाळपासून आतून बंद, असल्या थंडीत पाहुणा कोण येणार!

"म्हणजे किल्ल्यातच आहे," रशीत गालिमिच म्हणाला. "छान. मला धावायला आवडत नाही."

मग तो तिकीटघरात शेगडीजवळ बसला आणि एकेकाला बोलावू लागला. मला म्हणाला, "पाशा, तू बस इथेच. तू नसलीस तर दाराला कान लावशील, आणि दार थंड आहे."

पहिले आले आर्सेनी लवोविच. पीटर्सबर्गचे वास्तुरचनाकार, तीन दिवस आमच्या बुरुजांचे कोपरे वहीत काढत होते. येताना त्यांनी दार सताड उघडं टाकलं.

"दार!" बाहेरून उस्तिन्या किंचाळली. "सकाळपासून तिसऱ्यांदा! घरी काय गोठ्यात राहता का हो?"

"माफ करा, माफ करा." त्यांनी दार लावलं, म्हणजे जवळजवळ लावलं. "दहा ते साधारण दहा पंचवीस मी कचेरीत होतो. एकटाच. राजा होता. पण खरं सांगू? मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. मी भिंत बघत होतो! दोन ओंडक्यांमध्ये पत्त्याचं पान जात नाही हो. अशी भिंत मी जन्मात पाहिली नाही. ज्याने हे केलं त्याच्यावर तुम्ही चोरीचा आळ घेताय?"

"मी अजून कुणावरच काही घेतलं नाही, चहा सोडून," रशीत गालिमिच म्हणाला. त्याचं लक्ष शेगडीवर वाळत ठेवलेल्या बुटांकडे होतं. सगळ्यांचे जोड तिथे रांगेने उभे होते. "हे कडेचे तुमचे ना?"

"हो, इथेच घेतले. तीनच दिवस झाले आणि बघा, कसे आतल्या बाजूला कलंडलेत!"

मला हसू आवरेना. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या बुटाला डावा-उजवा नसतो. आम्ही लहानपणापासून आज या पायात तर उद्या त्या पायात घालतो, हाताला आपोआप सवय लागते. शहरी माणसाला ते ठाऊक नसतं, मग त्याचे बूट दारू प्यायल्यासारखे झुकतात. रांगेतला तो एकच जोड झुकलेला होता. बाकी सगळे ताठ.

उस्तिन्या आली. ती दहाला एकदा आत गेली होती, शेगडीत लाकडं आणि समोवारात पाणी घालायला. लुका साव्विच तेव्हाच बाहेर पडत होता. "म्हणाला, फळी ओली आहे, घरून कोरडी आणतो. मग आर्सेनी लवोविच. मग बाई. मग लुका साव्विच परत आला." तिने डोक्याच्या रुमालाने नाक पुसलं. "जीभ झडो माझी. त्याने नाही घेतला हो. पण मी जे पाहिलं ते पाहिलं."

रिम्मा व्हिक्तोरोव्ना ताठ बसल्या. हात मांडीवर, एकमेकांत घट्ट.

"मी सांगितलंय तेवढंच. साडेदहाला माप घेतलं. राजा जागेवर होता."

"पटाशी कुठे होती?"

"मी पाहिली नाही. रशीत गालिमिच, मी शहरात वाढलेली बाई आहे, हत्यारांतलं, लाकडातलं मला ओ की ठो कळत नाही." मग एकदम म्हणाल्या, "लुका साव्विचनी घेतला नसेल. मला नाही वाटत त्यांनी घेतला असेल."

"मग कोणी?"

त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

शेवटी लुका साव्विच. तो बसलाच नाही.

"घरी गेला होतास?" रशीत गालिमिचने विचारलं.

"नाही. आवारातल्या माझ्या छपरीतच कोरडी फळी मिळाली. साडेदहानंतर लगेच परत आलो. बाकाखाली शिरलो. पेटीकडे पाहिलं नाही. झालं?"

"पटाशी?"

"बाकावर ठेवून गेलो होतो. कुणीही घेईल."

"लुका, तुझ्याजवळ आणखी काही सांगण्यासारखं असेल तर..."

"काही नाही!" म्हातारा कडाडला. "अकरा वर्षं! एक कुजका ओंडका खपवला नाही, एक फट झाकून ठेवली नाही. त्याच्यावर विश्वास नसेल तर माझ्या बोलण्यावर काय ठेवणार? मी तोंडाने साक्ष देणार नाही. मी कसा आहे ते विचारायचं असेल तर जा, भिंतीला विचारा!"

आणि कमरेची चाव्यांची जुडी काढून त्याने टेबलावर आपटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रशीत गालिमिच मात्र उठून टोपी घालू लागला.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"भिंतीला विचारायला," तो म्हणाला.

३

तेव्हा दीड वाजला होता. आम्ही किल्ल्याला बाहेरून फेरी मारू लागलो. मला वाटलं होतं म्हातारा पोलीस पावलांचे ठसे शोधणार. पण तो बर्फाकडे बघतच नव्हता. भिंती बघत होता, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरची झोप उडत होती.

"पाशा, तुझ्या घराच्या खिडकीला आज सकाळी काय होतं?"

"कुर्झाक. दुसरं काय? बोकडासारखी दाढी लोंबत होती."

आत माणसं असतात, शेगडी असते, चहा उकळत असतो. ती ऊबदार दमट हवा फटीतून बाहेर पडली की असल्या थंडीत तिथेच गोठते आणि भिंतीवर पांढरी दाढी फुटते. त्या दहिवराला आमच्याकडे कुर्झाक म्हणतात. गावात असं एक घर नाही ज्याला ती फुटत नाही. गव्हर्नरच्या घराला फुटते म्हणे.

"आता इथे दाखव," रशीत गालिमिच म्हणाला.

मी पाहिलं. गंमत म्हणजे, इतकी वर्षं मी या भिंती लोकांना दाखवते, पण अशा कधी पाहिल्या नव्हत्या. स्वयंपाकघराची भिंत, जिथे रोज आम्ही जेवण शिजवतो. स्वच्छ. पहारेकऱ्यांची खोली. स्वच्छ. मोठा बुरूज, खाली शेगडी पेटलेली. ओंडक्यांच्या सोनेरी पाठी एकावर एक निजलेल्या, मध्ये फट बुजवायला भरलेल्या, जंगलातल्या लांब केसाळ शेवाळाची काळी बारीक रेघ, आणि त्या रेघेवर एक पांढरा ठिपकासुद्धा नाही. माणसाच्या हाताने, कुऱ्हाडीने, एकही खिळा न वापरता हे केलंय, आणि हे असं ऊब धरून बसलंय. माझा ऊर भरून आला. मी मोठ्याने म्हणाले, "आपण काय माणसाला चोर म्हणतोय रे!"

रशीत गालिमिचने हातमोजा काढून भिंतीवर हात ठेवला आणि क्षणभर टोपी मागे सारली.

मग आम्ही कचेरीच्या खोलीच्या मागे आलो. उत्तरेची बाजू. गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिसऱ्या आणि चौथ्या ओंडक्याच्या मध्ये, मुठीएवढी पांढरीशुभ्र दाढी फुटली होती.

४

मला वाटलं आता तो आत पळेल आणि फट उकरेल. छे! तो म्हणाला, "एकेकाला घेऊन ये. काय आहे ते सांगू नकोस. नुसतं आण."

आर्सेनी लवोविच आले. वाकून बघितलं आणि चेहरा खुलला. "अहाहा! बर्फाची फुलं! थांबा हं, वही आणतो, काढून घेतो."

"हे असं का झालं असेल?"

"हवामान असेल काहीतरी. नाही का?"

उस्तिन्या आली आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "आता गं बाई! लुका साव्विचच्या भिंतीला कुर्झाक? डोळे फुटले की काय माझे?"

मग मी रिम्मा व्हिक्तोरोव्नांना बोलावलं. त्या कोपऱ्यावरून वळल्या, त्यांना ते दिसलं आणि पाऊल थबकलं.

"कुर्झाक..." एवढंच त्या पुटपुटल्या आणि मागे सरकल्या, जणू कुणी हाक मारली.

"हो," रशीत गालिमिच शांतपणे म्हणाला. "थंडी आहे. जा आत, बाई."

शेवटी लुका साव्विच. तो नाइलाजाने आला, छाती काढून, रागात. आणि त्याने ती दाढी पाहिली.

चोरीचा आळ आला तेव्हा हा माणूस गरजला होता. आता तो गुडघ्यांवर बसला, हात उघडे, बोटाने त्या पांढऱ्या केसांना हळूच शिवला. एका दिवसात तो दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला.

"माझ्या भिंतीवर," तो म्हणाला. "पाशा, माझ्या भिंतीवर गं. मी कुठे चुकलो?"

"तू नाही चुकलास," रशीत गालिमिच म्हणाला. "चल आत. आतून ती जागा दाखव."

त्याच क्षणी फाटकाबाहेर गाडीचा भोंगा वाजला. तीनला अजून अर्धा तास होता, पण झाबेलिन साहेब आले होते.

५

कचेरीच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. झाबेलिन साहेबांनी फरचा कोट काढला नव्हता आणि चाव्यांची जुडी आधीच त्यांच्या हातात होती.

लुका साव्विचने भिंतीला लावलेलं बसायचं फळकुट सरकवलं. मागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, शेवाळाची रेघ इतर ठिकाणासारखीच दिसत होती. त्याने बोटाने दाबलं. रेघ दबली. तो दचकला, जणू त्याच्याच बरगडीत कुणी बोट घातलं. नख लावून त्याने शेवाळ ओढलं. ते सगळं एका तुकड्यात बाहेर आलं, दोरासारखं पिळलेलं. त्यामागे खोबणीत हस्तिदंती काहीतरी चमकलं.

राजा. नाक झिजलेलं, चेहरा तसाच रागीट.

"वा!" झाबेलिन साहेब म्हणाले. "म्हणजे भिंतीतच लपवला होता. आणि भिंत कुणाला माहीत? सुताराला. विषय संपला. लुका साव्विच, तुमचं सामान उचला."

"विषय संपला नाही, साहेब," रशीत गालिमिच म्हणाला. "आत्ता कुठे सुरू होतोय. बसा तरी."

साहेब बसले नाहीत, पण थांबले.

"लुकाने ही फट बुजवली असती तर बाहेर दाढी फुटली नसती. तुम्ही सगळ्या भिंती बघून या, मी थांबतो. अकरा वर्षांच्या बांधकामात एक जागा सापडणार नाही. या माणसाला वाईट फट बुजवताच येत नाही. डोळे बांधून, रागात, घाईत, कसंही केलं तरी येणार नाही. भिंतीवर एकच चूक दिसते आणि ती त्याची नाही."

"मग या पाहुण्यांनी?" साहेबांनी आर्सेनी लवोविचकडे बोट दाखवलं.

"यांनी फट उकरली असती तर तशीच टाकून गेले असते. हे दारसुद्धा लावत नाहीत." आर्सेनी लवोविच लाजून लाल झाले. "राजा लपवायला भोक पाडलं, राजा आत ढकलला, वरून फळकुट सरकवलं की झालं. कुणाला दिसणार होतं? पण चोराने शेवाळ परत भरलं. घाई होती, कुणीही येऊ शकत होतं, तरी दोन मिनिटं घालवली. का? कारण हिवाळ्यात भिंतीला भोक टाकून जाणं त्या हातांना जमलंच नाही. तसं शहरी माणसाला होत नाही. ते आपल्यालाच होतं, थंडीत जन्मलेल्यांना."

मी उस्तिन्याकडे पाहिलं, उस्तिन्याने माझ्याकडे. दोघींच्याही मनात एकच: आता आपली पाळी.

"उस्तिन्या, हे बघ." त्याने तो पिळलेला दोर तिच्या हातात दिला.

उस्तिन्याने उलटसुलट करून पाहिला. "ही तर होडीची वळी आहे. खाली नदीच्या मुखाकडे, मासेमारांच्या गावांत बायका होड्यांच्या फटी अशा भरतात. पिळायचं, टोक आत दुमडायचं. माझी मावसजाऊ तिकडची होती. आमच्या जंगलात होड्या कोण बांधतं!"

"आणि लुका?"

"मी चपटं घालतो आणि मोगरीने ठोकतो," लुका साव्विच म्हणाला. "पिळलं की मध्ये हवा राहते. होडीचं लाकूड पाण्यात फुगतं म्हणून तिथे चालतं. घराला नाही चालत."

"पाशाचा जन्म गावात विटांच्या घरात झाला," रशीत गालिमिच म्हणाला. "तिने आयुष्यात फक्त तोंडं बुजवली आहेत, फटी नाहीत."

एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळे धागे जुळले. शेगडीवरच्या बुटांची रांग: शहरी माणसाचे बूट झुकतात, आणि झुकलेला जोड एकच होता. आणि तो शब्द. राजधानीतले लोक त्याला नुसतं दहिवर म्हणतात. कुर्झाक हा शब्द आईच्या तोंडून शिकावा लागतो.

रशीत गालिमिचने कुणाचंही नाव घेतलं नाही. तो साहेबांकडे वळला. "माझं सांगून झालं. पण माझ्याकडे कागदावर लिहिण्यासारखं फार नाही. बूट, शब्द, दोराचा पीळ. यावर मी कुणाला पकडू शकत नाही. साडेदहाला राजा पेटीत होता अशी साक्ष आहे, आणि ती साक्ष खरी असेल तर चोर लुकाच ठरतो. तेव्हा चाव्या तुमच्याकडेच राहू द्या."

साहेबांनी चाव्या खिशात टाकल्या. लुका साव्विचने बाकावरचा हत्यारांचा पट्टा गोळा केला, एकेक हत्यार पुसून पिशवीत घालू लागला. खोलीत फक्त समोवार खदखदत होता.

तो दारापर्यंत गेला होता.

"थांबा," रिम्मा व्हिक्तोरोव्ना म्हणाल्या. "ती साक्ष खोटी आहे."

६

त्या एका दमात बोलल्या, साहेबांकडे बघून, आणि इतकं वेगात की राजधानीची भाषा मध्येच गळून पडली आणि नदीच्या मुखाकडची, गाणं म्हटल्यासारखी बोली बाहेर आली.

"राजधानीच्या तळघरात मी सहा वर्षं काम केलंय. लहान गावांतून आलेल्या चौदा पेट्या तिथे पडून आहेत. मी स्वतः त्यांवर आकडे घातले. एकही पुन्हा उघडली नाही. इथे शाळेतली पोरं राजाचं नाक बघायला येतात. हुकूम मोडायची माझी छाती नाही. मला वाटलं, हरवला तर न्यावा लागणार नाही. वसंतात कुठेतरी सापडला असता. लुका साव्विच फळी आणायला घरी गेलेत असंच मला वाटलं होतं. मी म्हटलं, साडेदहाला होता, नंतर खोली रिकामी होती, कुणावरच येणार नाही. आणि ते बाकाखालून बाहेर आले." त्यांनी दाराकडे, लुका साव्विचकडे पाहिलं. "तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भ्याले. दिवसभर भ्याले. बाकावर पडलेली पटाशी घेतली, कुणाची ते पाहिलंही नाही. पट्टीच्या टोकाने शेवाळ कोंबलं, त्या पट्टीने माप घेतल्याचं नाटक केलं. आणि मी शहरातली नाही. पण मासेमाराच्या पोरीला संचालिका कोण करणार होतं?"

मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. आणि त्याच वेळी असं वाटलं की उठून त्यांच्या खांद्यावर शाल टाकावी. राजावर जीव लावणारी एक बाई इथे होती आणि वर्षभर मी तिला शहरी म्हणून हिणवत होते.

झाबेलिन साहेबांनी चाव्या काढून टेबलावर ठेवल्या. "तुमच्याबद्दल चौकशी होईल, बाई. ते टळणार नाही." आणि पोलिसाकडे वळून, "राजा द्या. मी घेऊन जातो."

"तो पुरावा आहे, साहेब." रशीत गालिमिचने राजा उचलून पेटीत ठेवला आणि स्वतःच्या हाताने झाकण बसवलं. "चौकशी संपेपर्यंत इथून हलवता येत नाही. आणि माझं काम फार सावकाश चालतं. गावात कुणालाही विचारा."

"मी विचारणार नाही," साहेब म्हणाले, आणि मी शपथेवर सांगते की त्यांच्या मिशीखाली हसू होतं.

रिम्मा व्हिक्तोरोव्ना लुका साव्विचकडे वळल्या. माफी मागायला तोंड उघडलं, पण तो दारापाशी नव्हताच. तो भिंतीपाशी गुडघ्यांवर बसला होता. पिशवीतून शेवाळाची ताजी मूठ आणि मोगरी काढून तो फट भरत होता, चपटं, घट्ट, टक टक टक.

"लुका साव्विच, मी..."

"आधी हे. ऊब बाहेर जातेय."

आम्ही सगळे उभे राहून ते बघत होतो. आर्सेनी लवोविच वही विसरले होते. साहेबांनी कोट काढला आणि वाकून भिंतीवर तळहात ठेवला, अगदी तसाच जसा दुपारी रशीत गालिमिचने ठेवला होता. काम झाल्यावर लुका साव्विच उठला आणि चाव्या कमरेला अडकवल्या.

साहेबांनी कागद पुढे ओढला. "तुमची बदनामी झाली. मी लेखी देतो, खात्याच्या शिक्क्यासह. काय लिहू? लुका साव्विच चेर्दिन्त्सेव्ह निर्दोष आहेत, असं?"

म्हाताऱ्याने हात झटकले.

"माझं राहू द्या," तो म्हणाला. "माणसं आज बोलतात, उद्या विसरतात. भिंतीचं लिहा. लिहा की उत्तरेच्या भिंतीत तिसऱ्या-चौथ्या ओंडक्यामध्ये एक दिवस कुर्झाक आला, तो दुसऱ्याच्या हाताने. बांधणाऱ्याचा दोष नव्हता."

साहेबांनी तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. लुका साव्विचने कागद घेतला, दोनदा वाचला, आणि मग आमच्यासमोर, कुणाचीही लाज न बाळगता, ढसाढसा रडला.